मुलांच्या मानेवरची जन्मजात गाठ: फोडायची नाही, मुळासकट काढायची

लहान मुलाच्या मानेत हाताला गाठ लागली, तर बहुतेक वेळा ते अवधाण असतं. डोक्यात उवा होऊन खाजवून खाजवून जखमा झालेल्या असतात, एखादी दाढ किडलेली असते, टॉन्सिल सुजलेले असतात, नाहीतर कान वाहत असतो. मूळ दुखणं आवरलं की काही आठवड्यांत अवधाण बसतं. मागे एखादा वाटाण्याएवढा दाणा कितीतरी महिने हाताला लागत राहतो, त्यानेही काही बिघडत नाही.

काही गाठींचं मूळ मात्र बाळ आईच्या पोटात असतानाचं असतं. डॉक्टर त्यांना सिस्ट म्हणतात. पातळ आवरणाची पिशवी, आत चिकट पाणी किंवा पांढरट दाट मळ. जन्मजात म्हटली तरी ती जन्मल्याबरोबर दिसेलच असं नाही. मूल तीन-चार वर्षांचं होतं, एकदा जोराची सर्दी होते, गाठ फुगते आणि घरच्यांना वाटतं की ही आत्ता आली. ती कुणाकडून लागलेली नसते. ग्रहणात आईने विळी हातात धरली म्हणूनही होत नाही, तेव्हा सुनेला बोल लावू नका. मुलांमध्ये ही गाठ कॅन्सरची निघणं अगदी क्वचित. पण गोळ्या-औषधांनी ती जिरतही नाही. आणि या सगळ्या विषयात माझ्या अनुभवाने सांगायचं तर एकच गोष्ट निर्णायक ठरते: अशा गाठीला पहिला चिरा कोण देतो आणि कसा देतो.

पिशवी येते कुठून

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा त्याला मान अशी नसतेच. जिथे मान व्हायची तिथे दोन्ही बाजूंना एकाखाली एक अशा वळ्या उमटतात आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. वळ्यांतून जबडा, कान, गळ्यातली हाडं आणि स्नायू घडतात, खाचा बुजून जातात. याच सुमारास थायरॉईडची ग्रंथी जिभेच्या बुडाशी तयार होते आणि तिथून खाली सरकत सातव्या आठवड्यापर्यंत गळ्याच्या पायथ्याशी आपल्या जागी पोचते. उतरताना तिच्यामागे एक बारीक नळी राहते. तीही पुढे विरून जाते.

कुठे एखादी खाच पुरती बुजत नाही, कुठे नळीचा तुकडा विरायचा राहतो. त्या उरलेल्या भागाचं आतलं अस्तर जिवंत असतं, ते थोडं थोडं पाणी सोडत राहतं, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली की पिशवी फुगते. वाट असली तर मानेवर बारीक छिद्र दिसतं आणि त्यातून ओल येते. राहून गेलेला तुकडा ठरावीक जागीच असतो, म्हणून गाठ नेमकी कुठे आहे हे पाहिलं की निम्मं निदान तिथेच होतं.

गळ्याच्या मधोमध

या जन्मजात गाठींमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारी म्हणजे थायरोग्लॉसल सिस्ट. थायरॉईड उतरून आली त्या वाटेवर, म्हणजे हनुवटीखाली गळ्याच्या बरोबर मध्यावर किंवा मध्यापासून जरा सरकून ती असते. बोराएवढी, कधी लिंबाएवढी. दुखत नाही, मऊसर लागते.

ओळखायची कशी, ते सांगतो. यवतमाळकडचा एक सहा वर्षांचा मुलगा आजीबरोबर आला होता. आजींनी खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं, ‘डॉक्टरसाहेब, पोट्ट्याच्या गळ्याले गाठ आली. औषध देऊन पिकवा अन् फोडून द्या एकदाची.’ मी म्हटलं, ‘आजी, आधी त्याला घोटभर पाणी पाजू.’ पोराने घोट घेतला तशी गाठ वर गेली आणि खाली आली. मग त्याला म्हटलं, आता मला जीभ दाखव, अगदी लांब काढून. डॉक्टरला वेडावून दाखवायची परवानगी मिळाल्यावर पोर खूश. जीभ बाहेर आली आणि गाठ पुन्हा वर खेचली गेली. ‘हे तं जिभीसंग हालते बाप्पा!’ आजी म्हणाल्या.

त्या हालण्यात निदान आहे. गळ्यात, हनुवटीच्या जरा खाली, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, हायॉइड. जिभेचे स्नायू त्याला जोडलेले असतात, आणि ती उरलेली नळी या हाडाला चिकटून, कधी त्याच्या आरपार, जिभेच्या बुडापर्यंत गेलेली असते. जीभ ओढली गेली की हाड वर जातं आणि हाडाबरोबर गाठ. अवधाण असं जिभेबरोबर हालत नाही. ही तपासणी घरीही करून पाहता येते. गाठ हालली नाही म्हणून ती थायरोग्लॉसल नाहीच असं मात्र समजू नका, फार लहान मुलांत आणि सूज आलेली असताना नीट कळत नाही.

पुढची पायरी मानेची सोनोग्राफी. यात सुई नाही, किरण नाहीत, भूल नाही. गाठीत पाणी आहे का हे तर दिसतंच, पण सोनोग्राफी करायचं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. थायरॉईडची ग्रंथी आपल्या जागेवर आहे ना, हे आधी पाहावं लागतं. एखाद्या मुलात थायरॉईड खाली उतरलेलीच नसते, वाटेतच थांबलेली असते, आणि आपण जिला सिस्ट म्हणतोय ती त्या मुलाची एकुलती एक थायरॉईड असते. ती काढून टाकली तर जन्मभर रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागेल. म्हणून रिपोर्ट हातात आला की ‘थायरॉईड जागेवर आहे, आकार नेहमीसारखा आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यात शोधा. नसेल तर डॉक्टरांना विचारा, त्यात संकोच कसला. शंका असेल तर रक्तातली टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) पाहतात आणि आणखी एखादी तपासणी करतात. सीटी स्कॅनची गरज या गाठीला सहसा पडत नाही.

पहिला चिरा

जिभेच्या बुडाशी तोंडातले जंतू असतात, त्यामुळे ही पिशवी अधूनमधून पिकते. लाल होते, ठणकते, ताप येतो. आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. गावात कुणी चुना-हळद लावतं, कुणी पोटीस बांधतं, कुणी बिब्बा उतवतं. बिब्ब्याने मुलाच्या कोवळ्या कातडीवर गाठीपेक्षा मोठी जखम होते आणि तो डाग आयुष्यभर जात नाही. मेळघाटात भूमकाकडून, म्हणजे गावच्या वैदूकडून, डाग देण्याची चाल आहे, ती आधीच दुखणाऱ्या लेकरावर आणखी एक दुखणं चढवते. पण दोष एकट्या जुन्या माणसांचा नाही. पदवीवाल्यांच्या दवाखान्यातही ‘गळू आहे, लगेच मोकळं करतो’ म्हणून ब्लेड लावलं जातं. पू निघतो, ताप उतरतो, सगळे समाधानी. दोन महिन्यांनी त्याच जागेतून चिकट पाणी यायला लागतं आणि ती जखम बंद व्हायचं नाव घेत नाही.

शेतकऱ्याला हे समजवायला वेळ लागत नाही. धुऱ्यावरची हरळी वरून खुरपली तर पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते, कारण तिच्या काड्या जमिनीखाली पसरलेल्या असतात. या गाठीची काडी जिभेच्या बुडापर्यंत गेलेली असते.

पिकलेल्या गाठीवर योग्य उपचार असा: आधी प्रतिजैविकं, ठरलेले सगळे दिवस. पू फार साचला असेल तर शक्यतो जाड सुईने ओढून काढतात. सुईने भागत नसेल तरच छोटा चिरा. मग सूज पूर्ण उतरू द्यायची, साधारण दीड-दोन महिने. सुजलेल्या गळ्यात थर एकमेकांना चिकटलेले असतात, नळी कुठली आणि चांगला भाग कुठला हे सर्जनला ओळखू येत नाही, म्हणून ही वाट पाहायची.

मग खरी शस्त्रक्रिया. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन वॉल्टर सिस्ट्रंक यांनी 1920 साली ही पद्धत मांडली आणि आजही तीच करतात. (नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी या मेयोचा काही संबंध नाही, हे विचारलं जातं म्हणून सांगून ठेवतो.) गळ्यावरच्या वळीत आडवा छेद घेऊन पिशवी, हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि तिथून जिभेच्या बुडापर्यंतचा नळीभोवतीचा भाग, हे तिन्ही एकत्र काढतात. नुसती पिशवी काढली तर जवळजवळ निम्म्या मुलांत गाठ परत येते. सिस्ट्रंकच्या पद्धतीने केलं तर शंभरात दहापेक्षा कमी मुलांना परत त्रास होतो. हाडाचं नाव काढलं की आई-बाप दचकतात. ‘बोलता येईन ना त्याले?’ येतं. गिळताही येतं. मधला छोटा तुकडा नसल्याने काही अडत नाही, मूल बहुधा दुसऱ्या दिवशी मऊ भात खाऊ लागतं. म्हणून सर्जनला हा एक प्रश्न जरूर विचारा: ‘हाडाचा तुकडा काढणार ना?’ उत्तर ‘गरज नाही, नुसती गाठ काढू’ असं आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मानेच्या कडेला

मान एका बाजूला वळवली की कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा एक जाड स्नायू उठून दिसतो. त्याच्या पुढच्या कडेला असलेली गाठ किंवा छिद्र बहुतेक वेळा त्या न बुजलेल्या खाचांचं असतं. यांना ब्रँकियल सिस्ट आणि ब्रँकियल सायनस म्हणतात. दहापैकी नऊ वेळा ही दुसऱ्या खाचेची असते.

लहान मुलांत गाठीपेक्षा छिद्रच जास्त सापडतं. मानेच्या खालच्या भागात टाचणीच्या डोक्याएवढं, सहज नजरेत न भरणारं. आई सांगते की शाळेच्या फ्रॉकची कॉलर एकाच बाजूने ओली होते, धुतली तरी तिथे पिवळट डाग राहतो. घाम असेल म्हणून वर्ष जातं. जवळून पाहिलं तर छिद्रावर पाण्याचा एक थेंब जमलेला असतो, मानेवरून वरून खाली बोट दाबत आणलं की दुसरा थेंब येतो.

या छिद्रात काडी किंवा सेफ्टीपिन घालून बघू नका. आत गेलेली वाट मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेच्या दोन फाट्यांमधून वर चढते आणि टॉन्सिलजवळ संपते. ती पूर्ण सोडवून काढणं हे मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं किंवा अनुभवी कान-नाक-घसा तज्ज्ञाचं काम आहे. कधी मानेवर खाली एक आणि वर एक असे दोन छोटे छेद घ्यावे लागतात. दोन्ही बाजूंना छिद्रं असतील, घरात आणखी कुणाला तशीच असतील, तर मुलाची श्रवणचाचणी आणि किडनीची सोनोग्राफी करून घ्यावी. काही कुटुंबांत मान, कान आणि किडनी यांचे दोष एकत्र येतात.

पहिल्या खाचेची गाठ क्वचित सापडते, पण फसवी असते. जबड्याच्या कोपऱ्याजवळ किंवा कानाखाली गाठ, ती वारंवार पिकते, आणि त्याच बाजूचा कान वाहतो, मात्र कानाचा पडदा शाबूत. चेहरा हलवणारी नस इथूनच जाते. अंदाजाने चिरा दिला आणि ती नस कापली गेली तर मुलाचं तोंड कायमचं वाकडं होतं.

आणखी एक खूणगाठ बांधून ठेवण्यासारखी. मोठ्या मुलाच्या गळ्यात खाली, बहुतेक डाव्या बाजूला, थायरॉईडजवळ पुन्हा पुन्हा पू होत असेल, दरवेळी चिरा देऊन बरा होत असेल, तर आत घशातून येणारी जन्मजात वाट असू शकते. दुर्बिणीतून घशात पाहिल्यावर तिचं तोंड दिसतं आणि कधी कधी आतूनच जाळून बंद करता येतं.

डोळा, नाक, कान

भुवईच्या बाहेरच्या टोकाला टणक, न दुखणारी, तुरीच्या दाण्यापासून बोरापर्यंतची गाठ असली तर ती बहुधा डर्मॉइड. चेहरा जुळून येताना कातडीचा कण आत अडकून राहतो आणि त्यात तेलकट मळ, कधी केसही साठतात. घाई नसते, पण मूल चालायला लागून पडायला-आपटायला लागलं की ती आत फुटून सूज येऊ शकते, म्हणून त्याच सुमारास काढलेली बरी. भुवईच्या किंवा पापणीच्या वळीत छेद घेतात, पुढे व्रण शोधावा लागतो.

नाकाच्या दांड्यावर मधोमध गाठ किंवा छिद्र आणि त्यातून एखादा केस बाहेर आलेला, हे मात्र साधं प्रकरण समजू नये. तिची वाट कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते. आधी एमआरआय, मगच पुढचं. बाळ रडल्यावर नाकावरची गाठ फुगत असेल तर सुईसुद्धा लावू द्यायची नाही.

कानाच्या पाळीपुढचं बारीक छिद्र कितीतरी लोकांना असतं. त्रास नसेल तर त्याला हात लावू नका. पिकायला लागलं तरच काढायचं.

मानेच्या कडेला, पाठीमागच्या बाजूस मोठी, लिबलिबीत, अंधारात टॉर्च लावला तर लालसर उजळून निघणारी गाठ असते, तिला सिस्टिक हायग्रोमा म्हणतात. रसवाहिन्या नीट न जुळल्याने होते, दोन वर्षांच्या आत बहुतेक मुलांत दिसून येते. तिच्यावर सोनोग्राफीत पाहत ब्लिओमायसिनसारख्या औषधाचं इंजेक्शन देऊन ती आकसवतात, एकापेक्षा जास्त वेळा द्यावं लागतं. काहींना शस्त्रक्रिया लागते. सर्दीत किंवा आत रक्त उतरल्यावर ही गाठ एका रात्रीत दुप्पट होऊ शकते. श्वास घेताना घरघर, दूध ओढता न येणं, सतत लाळ गळणं, ओठ निळसर होणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

गंडमाळ नव्हे ना?

आपल्या भागात हा प्रश्न रास्त आहे. मानेच्या टीबीच्या गाठी, ज्यांना जुनी माणसं गंडमाळ म्हणतात, बहुधा एकाहून जास्त असतात, एकमेकींना चिकटलेल्या असतात, सोबत बारीक ताप, वजन न वाढणं, घरात कुणाला टीबी असा इतिहास असतो. पण ब्रँकियल सिस्ट पिकून फुटली की तीही तशीच दिसते, आणि नुसत्या नजरेच्या अंदाजावर मुलाला सहा महिने टीबीच्या गोळ्या सुरू होतात. पू किंवा सुईने काढलेला नमुना टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला पाठवा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि गाठ दगडासारखी कडक असेल, गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल किंवा भराभर वाढत असेल, तर जन्मजात म्हणून घरी बसू नका.

जायचं कुठे, न्यायचं काय

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. 2013 पासून सुरू असलेली ही सोय आहे आणि जन्मजात दोष शोधून वर पाठवणं हे पथकाचं कामच आहे. पथक यायच्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा, गाठ स्वतःहून दाखवा. गर्दीत, बटणं लावलेल्या शर्टात ती सुटून जाते. तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. मुलांचे सर्जन नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) आणि मिहानच्या एम्समध्ये आहेत. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून भरती होण्याआधी विचारा. घरून निघतानाच दोन्ही कार्डं पिशवीत टाका, नाहीतर त्यासाठी पुन्हा यष्टीचं तिकीट.

गाठ पिकलेली नसेल तर शस्त्रक्रिया ठरवून करायची असते. सोयाबीन निघाल्यावर, कापसाचा एक वेचा झाल्यावर केली तरी चालते. फक्त ‘पुढच्या वर्षी’ असं दरवर्षी म्हणू नका, कारण प्रत्येक वेळी पिकल्यावर काम अवघड होत जातं.

विदर्भासाठी एक वेगळी सूचना. भूल द्यायच्या आधी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झालेली हवी. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि काही मुलांत तोवर कळलेला नसतो. सिकलसेलच्या मुलाला उपाशी, तहानलेलं, गारठलेलं ठेवलं तर रक्तवाहिन्यांत पेशी अडकून दुखणं उठतं. कार्ड असेल तर भूलतज्ज्ञाला आधी दाखवा, ते सलाईन आधीपासून लावतात, अंग उबदार ठेवतात. इतर मुलांनाही गरजेपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं कारण नाही. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. ‘रात्रीपासून थेंब नाही’ असं वॉर्डात कुणी सांगितलं आणि नंबर दुपारचा असला, तर मे महिन्यात ते मुलावर अन्याय आहे. भूलतज्ज्ञालाच विचारून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस गळ्यात पातळ नळी असू शकते, साचलेलं रक्त-पाणी त्यातून येतं. घरी आल्यावर जखमेवर राख, हळद, तेल काही नको. गळा एकाएकी फुगला किंवा श्वास अडला तर लगेच परत. आणि काढलेली गाठ तपासायला जाते, तिचा रिपोर्ट आठ-पंधरा दिवसांनी येतो. टाके सुकले, पोरगं खेळायला लागलं की तो आणायला कुणी फिरकत नाही. तो आणा, फाइलमध्ये लावा, सोबत शस्त्रक्रियेची चिठ्ठी ठेवा. उद्या त्याच जागी पुन्हा ओल दिसली, तर आधी काय काढलं आणि काय राहिलं हे पुढच्या सर्जनला त्या दोन कागदांवरूनच कळणार आहे.